पैठणीची तक्रार करायचीच

बंगळूर

ती. आई-बाबांना सा. न.

आई, मावशीकडून कळलं की ती ऑनलाइन मागवलेली पैठणी नकली निघाली, तरी तू ती तशीच कपाटात ठेवून दिलीस, आणि बाबांनी ‘दीड हजारासाठी कुठे भांडत बसायचं’ म्हणून विषय मिटवला. फोनवर हे काढलं असतं तर तू लगेच माझ्या जेवणाखाण्याकडे वळली असतीस, म्हणून पत्र लिहितेय. मावशीवर रागावू नकोस.

यात तुझं काही चुकलेलं नाही. मावशीने पाठवलेली लिंक मी उघडून पूर्ण वाचली. ते पान माणूस फसावा म्हणूनच मांडलंय. वर ठळक अक्षरात ‘येवला प्युअर सिल्क पैठणी’. फोटो खऱ्या हातमागाच्या पदराचा, मोर आणि आसावली अगदी सुबक. ८,९९९ वर काट मारून खाली १,४९९. आणि खूप खाली, ‘आणखी पाहा’ दाबल्यावरच उघडणाऱ्या तक्त्यात, कापड: आर्ट सिल्क. म्हणजे कृत्रिम धागा, रेयॉन किंवा पॉलिएस्टर. उद्या कुणी जाब विचारला तर ‘आम्ही लिहिलं होतं’ म्हणायला ती एक ओळ ठेवलेली.

तू म्हणशील, साडेचार तारे होते, हजारो लोकांनी चांगलं म्हटलं होतं. मी ते अभिप्राय वाचत खाली गेले. कुणी कुर्तीच्या फिटिंगचं कौतुक केलंय, कुणी ओढणीचा रंग गेला नाही म्हणून खूश आहे. पैठणीबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. विक्रेते जुन्या, नावाजलेल्या वस्तूचं पान घेतात, नाव आणि फोटो बदलतात, तारे मात्र तसेच राहतात. म्हणून ताऱ्यांचा आकडा बघू नका. अलीकडच्या तारखेचे अभिप्राय लावा, एक-दोन तारेवाले आधी वाचा, आणि लोकांनी घरी काढलेले फोटो बघा. विक्रेत्याच्या फोटोतला मोर आणि गिऱ्हाइकाच्या फोटोतला मोर शेजारी शेजारी ठेवले की तुला दुसरं काही विचारावं लागणार नाही.

कारण पैठणी तुला कळते. आजीच्या पैठणीचा पदर उलटा करून तूच मला दाखवला होतास. हातमागावर पदर विणताना रंगीत धागे एकमेकांत अडकवत नेतात, म्हणून मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात, नाहीतर कापलेली टोकं असतात. दुकानात कुणी तुला आर्ट सिल्क पैठणी म्हणून खपवू शकलं नसतं, तू आधी पदर उलटा केला असतास. मोबाइलवर ते करता येत नाही, आणि हे लोक नेमका त्याचाच फायदा घेतात. तेव्हा यापुढे पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागायचा. विक्रेता टाळाटाळ करायला लागला की पान बंद करायचं. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेलं सिल्क मार्कचं लेबल आहे का तेही विचारायचं. (मी ऑफिसला जाताना ज्या सिल्क बोर्डच्या चौकात अडकते ना, तिथलंच हे मंडळ.) पण ते लेबल रेशीम खरं असल्याचं सांगतं, साडी हातमागाची आहे असं नाही. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ‘येवला’ हे नाव कुणीही शीर्षकात टाकतो. एका पदरासाठी विणकर किती दिवस मागावर बसतो हे माहीत असलेल्या कुणालाही कळेल की दीड हजारात ती साडी मिळणार नाही. मला याचा जास्त राग येतो. ते तुला फसवतात आणि त्या विणकराचं गिऱ्हाईकही पळवतात.

‘फक्त दोनच शिल्लक’, ‘ऑफर नऊ मिनिटांत संपणार’ असली घाई दिसली की मोबाइल खाली ठेवून चहा करून या. अशी खोटी घाई करायला केंद्र सरकारने २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केली आहे, तरी ती दिसतेच.

आता कुकरचं. तुला नवीन कुकर घ्यायचाय असं दादा म्हणाला. साडीत पैसे जातात, कुकरमध्ये जिवाशी गाठ असते, म्हणून तिथे स्वस्ताच्या मागे अजिबात जाऊ नकोस. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचं आहे, त्याचं मानक आयएस २३४७. तरीही २०२२ साली अ‍ॅमेझॉनवरून मानकात न बसणारे २,२६५ कुकर विकले गेल्याचं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आढळलं, आणि ते परत मागवून लोकांचे पैसे द्यायचा आदेश निघाला. इतक्या मोठ्या नावाखाली हे होतं, कारण माल बहुतेक वेळा त्या कंपनीचा नसतोच, तिथे दुकान मांडून बसलेल्या एखाद्या विक्रेत्याचा असतो. बाबा, किमतीच्या आसपास ‘विक्रेता’ म्हणून नाव असतं, त्यावर बोट ठेवलं की पत्ता उघडतो. तो बघायची सवय लावा. कुकर आला की चिन्हाखालचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाका, परवाना खरा की खोटा ते लगेच कळतं. खरं तर कुकर तुम्ही गावातल्या भांड्यांच्या दुकानातूनच घ्यावा असं मला वाटतं. वायसर आणि रिंगसाठी पुढे त्याच्याकडेच जावं लागणार आहे.

पार्सल फोडताना एकाने मोबाइलवर चित्रण करायचं, पत्त्याच्या चिठ्ठीपासून ते वस्तू बाहेर येईपर्यंत, मध्ये न थांबता. आणि खोक्यात ‘पाच तारे द्या, दोनशे रुपये मिळवा’ अशी चिठ्ठी निघाली तर तारे देऊ नका. तुमच्या त्या ताऱ्यांवर विसंबून पुढची एखादी बाई फसते.

बाबा, यानंतरचं तुमच्यासाठी, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. फसल्यावर माणूस कंपनीचा फोन नंबर गूगलवर शोधतो. तिथे भामट्यांनी आपले नंबर ‘कस्टमर केअर’ म्हणून टाकून ठेवलेले असतात. समोरचा अगदी अदबीने बोलतो, ‘काका, रिफंडसाठी एक लिंक पाठवतो’ म्हणतो, एखादं अ‍ॅप घ्यायला लावतो, आणि खात्यातले पैसे जातात. पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. तक्रार फक्त ज्या अ‍ॅपवर खरेदी केली त्याच अ‍ॅपच्या आतून करायची. आणि तसं काही झालंच, तर मला फोन करण्याच्याही आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबवता येण्याची आशा जास्त.

पैठणीचं मात्र सोडायचं नाही. परत करायची मुदत गेली असं तुम्ही मावशीला सांगितलंत. पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. नाही काढली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. त्याच्याही पुढे आपला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती दाखल होते. दीड हजार ही लहान रक्कम आहे म्हणूनच हे लोक निर्धास्त असतात.

तेव्हा आई, साडीची घडी मोडू नकोस, खोकं आणि बिल फेकलं नसेल तर जपून ठेव, आणि पदराच्या मागच्या बाजूचा फोटो उजेडात काढ. बाबा, अ‍ॅपमध्ये ‘माझ्या ऑर्डर्स’ उघडून त्या पानाचे स्क्रीनशॉट मला पाठवा. शीर्षक आणि तो कापडाचा तक्ता दोन्ही त्यात यायला हवेत, विक्रेत्याने पान बदलायच्या आत. तक्रारीचा मजकूर मी लिहिते, सही आईची. रविवारी सकाळी फोनवर बसून आपण तिघं मिळून तो पाठवू.

बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्या आपल्या नेहमीच्या मेडिकलमधूनच आणा.

तुमची,
मनू