एक दिवस बोटीवरच

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "रोमच्या दारापर्यंत जाऊन तसेच बसून राहिलात?" तुझ्या आवाजातली हळहळ कळली, म्हणून सविस्तर लिहिते. कुणाचीही तब्येत बिघडलेली नाही. आम्ही ठरवून बोटीवर राहिलो, आणि या सगळ्या क्रूझच्या प्रवासात मला कालचाच दिवस जास्त आवडला.

बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ. रोज पहाटे उठायचं आणि नव्या गावात गाइडच्या छत्रीमागे चालायचं. जिनोआच्या चढावर बाबा तक्रार करत नव्हते, पण दर वळणावर थांबून दुकानांच्या पाट्या वाचत होते, त्याही इटालियन! तेव्हाच मी मनाशी ठरवलं. बोट थांबते चिवितावेक्किया बंदरात. तिथून रोम सुमारे ऐंशी किलोमीटर, म्हणजे बसने जाऊन-येऊन तीन तास तरी गेलेच. उरलेल्या वेळात कोलोसियम, त्रेवीचं कारंजं आणि व्हॅटिकन कसं बसवायचं? तुझी यादी मी जपून ठेवली आहे. पण एवढं थोर शहर घड्याळाकडे बघत बघू नये, असं मला फार वाटतं. त्याला वेगळे चार दिवस काढू.

सकाळी छातीवर बसच्या नंबरांचे स्टिकर लावून लोक रांगेने उतरले आणि नऊपर्यंत बोट रिकामी झाली. एरवी पोहण्याच्या तलावाजवळ खुर्ची मिळायची मारामार, काल हवी ती घ्या. बंदरात असताना दुकानं आणि कॅसिनो बंद ठेवतात, त्यामुळे तिकडचाही गलबला नाही. चहाचा दुसरा कप मी पूर्ण गरम प्यायले. किती दिवसांनी, कोण जाणे.

बाबांना तर खजिनाच सापडला. पलीकडच्या धक्क्यावरून सार्डिनियाच्या फेरीबोटी सुटतात आणि त्यांच्या पोटात मोठाले ट्रक रिव्हर्समध्ये चढवतात. एसटी डेपोत आयुष्य गेलेला माणूस, तो तिथून हलेल का? कठड्याला टेकून ड्रायव्हरांना दाद देत होते. "बघ, एका दमात घेतला!" म्हणून मला सारख्या हाका. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी निवृत्तीनंतर पाहिला नव्हता.

मग कर्मचाऱ्यांची कवायत झाली. प्रवाशांनी घाबरू नये अशी सूचना आधी झाली, आणि बोटीच्या कडेच्या नारिंगी जीवरक्षक होड्या खाली पाण्यात सोडल्या. सकाळी मला ऑम्लेट करून देणारा मुलगा लाइफ जॅकेट घालून आपल्या होडीपाशी ताठ उभा होता. वाढणारे, खोल्या झाडणारे, सगळ्यांची जागा ठरलेली. आपला जीव यांच्या हातात आहे हे तेव्हा नीट लक्षात आलं.

दुपारी जेवायला मोजकीच माणसं होती, म्हणून मडगावकडचा एक वाढपी आमच्याशी थांबून बोलला. आधी इंग्रजी, मग तो कोंकणीत आणि मी मराठीत. करार आठ महिन्यांचा, घरी धाकटी लेक चालायला लागली ती त्याने फोनवर पाहिली. एरवी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याच्यासाठी मी आपल्या डब्यातले चार लाडू दिले. डोळ्यांत पाणी आलं पोराच्या.

डेकवरून बंदराचा जुना किल्ला समोर दिसतो, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. पोप ज्युलियस दुसरा याच्या काळात 1508 साली त्याची पायाभरणी झाली. त्याच वर्षी त्याच पोपसाठी मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलचं छत रंगवायला घेतलं. किल्ल्याचा अष्टकोनी मधला बुरूजही मायकेलअँजेलोचाच मानतात. बंदर तर त्याहून पुष्कळ जुनं, रोमन सम्राट ट्रेजनच्या वेळचं. हे मी खुर्चीत पाय पसरून वाचलं आणि मान वर करून पाहिलं. रोमचा तेवढा तुकडा मला निवांत मिळाला.

तिथे पडल्या पडल्या तुझी आजी आठवली. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला आम्ही आगबोटीने जायचो. डेकवर सतरंजी अंथरून आम्ही भावंडं झोपायचो आणि ती ट्रंकेला टेकून रात्रभर जागी. सकाळी बोट बाहेरच उभी राहायची, मग पोरं, बोचकी सांभाळत पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं. तिला समुद्र आवडायचा, असं ती म्हणायची. पण तिला मी कधी समुद्राकडे बघत बसलेली पाहिलं नाही. काल तिच्या वाटणीचंही थोडं बघून घेतलं.

तुलाही मी तसा बसलेला बरेच दिवसांत पाहिला नाही रे. दिवाळीत चार दिवस येशील, तेव्हा महाबळेश्वर, अलिबाग काही ठरवू नकोस. घरीच राहा. सुनबाईलाही सांग, फराळाचं सगळं मी आधी करून ठेवते.

उद्या पालेर्मो. बंदरातून चालतच गावात जाता येतं, त्यामुळे तिथे उतरणार आहोत. बाबांनी आत्ताच बूट पुसून ठेवलेत.

तुझी
आई