इरईच्या खडकावरच्या रेघा: पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, चंद्रपूर जिल्हा

महोदय,
सप्रेम नमस्कार.

इरई म्हटलं की आपल्याकडे आधी धरण आठवतं. हे पत्र त्याच नावाच्या गावाबद्दल आहे, पैनगंगेकाठच्या. तिथे नदीच्या पात्रात चुनखडकाचा सपाट पट्टा आहे आणि पाणी उतरलं की त्यावर रेघा दिसतात. एकमेकींना समांतर, काही केसाएवढ्या बारीक, काही अशा की बोट ठेवलं तर बसतं. मधला खडक पॉलिश केलेल्या फरशीसारखा. मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा सातवीतल्या एकाने वाकून पाहिलं आणि विचारलं, "सर, इथनं ट्रॅक्टर ओढत नेला का?"

पोराने अर्धं बरोबर ओळखलं होतं. काहीतरी जड इथून ओढत गेलंच आहे. फक्त तो बर्फ होता आणि या गोष्टीला सुमारे 30 कोटी वर्षं झाली.

नुसता बर्फ खडकाला ओरखडे काढू शकत नाही, तो तेवढा कठीण नसतो. पण हिमनदी सरकताना तिच्या तळाशी गोटे गोठून घट्ट बसतात. वरून शेकडो मीटर बर्फाचं वजन. मग ते गोटे खालच्या खडकावर कानशीसारखे चालतात आणि त्यातून निघालेली दगडाची पिठी खडक घासून चकचकीत करते. बर्फ वितळला की पोटातला सगळा माल जागीच टाकतो. नदी मालाची निवड करते, रेती एकीकडे आणि गोटे दुसरीकडे. बर्फाला ती शिस्त नाही. म्हणून या चुनखडकावर जो थर बसला आहे त्यात मातीसारख्या बारीक गाळात मुठीएवढे आणि डोक्याएवढे दगड एकत्र कालवलेले सापडतात, आणि त्यांतल्या काहींच्या बाजू तासल्यासारख्या सपाट असतात.

असा थर ओडिशात तालचीरला सापडला तेव्हा, 1856 साली, ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी हे बर्फाचं काम असावं असं सुचवलं. भर उन्हाच्या देशात बर्फ! शंका येणं साहजिक होतं. ती फिटायला मोठी मदत इरईने केली. फेडन या भूवैज्ञानिकाने इथल्या घासलेल्या खडकाची नोंद 1875 साली प्रसिद्ध केली. गोट्यांच्या थराचे दहा अर्थ लावता येतात, खालच्या खडकावरच्या समांतर रेघांचे तेवढे लावता येत नाहीत. पुढे असेच पुरावे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इथेही जुळत गेले आणि वेगेनरने 1912 साली खंडवहनाची, म्हणजे खंडं जागा सोडून सरकतात अशी, कल्पना मांडली तेव्हा हे सगळे भूभाग एकदा दक्षिण ध्रुवाजवळ एकत्र होते याला त्यांचा आधार मिळाला. त्या जोडलेल्या भूमीला जग गोंडवन म्हणतं. हे नाव कुणाचं, ते चंद्रपूरच्या परकोटाच्या आत राहणाऱ्याला मी सांगायला नको. माझ्या वर्गातल्या गोंड मुलांना मात्र ते अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि कोळसा? बर्फ हटल्यावर त्याच खोलगट भागांत दलदली झाल्या, जंगलं वाढली, गाडली गेली. वर्धा खोऱ्यातल्या आपल्या खाणी त्याच्यावर चालतात. म्हणजे ज्याच्यावर जिल्ह्याचं पोट आहे त्या कोळशाच्या गोष्टीचं पहिलं पान इरईला उघडं पडलंय.

ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहराला लागून हॅलेट कोव्ह आहे. त्याच हिमयुगाच्या रेघा तिथे राल्फ टेट यांना 1877 साली दिसल्या, आपल्यानंतर. तो परिसर आज संरक्षित आहे, चालायला लाकडी पायवाट आहे, फलक आहेत. आमच्याकडे गावापर्यंत जाऊन "तो रेघांचा दगड कुठे" असं गुराख्याला विचारावं लागतं. (गुराख्याला माहीत असतं, हे खरं.)

मागणी मोठी नाही. नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून एवढ्या पट्ट्याची मोजणी करून घ्यावी आणि तो नकाशा महसूल खात्याच्या दप्तरी लावावा, म्हणजे उद्या रेतीघाटाचा लिलाव निघाला किंवा पुलाचं काम आलं तर तहसीलदाराला हा तुकडा वगळता येईल. काठावर एक फलक, मराठीत आणि गोंडीत. बस्स. भूवारसा स्थळांच्या कायद्याचा मसुदा केंद्राच्या खाण मंत्रालयाने 2022 साली लोकांपुढे ठेवला होता, पण त्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. जिल्हा नियोजन समितीतून एवढं सहज होईल.

एक विनंती आणखी. कृपया सुशोभीकरण नको. पेव्हर ब्लॉक, कारंजं, 'आय लव्ह इरई' यातलं काहीही नको.

आपण स्वतः आलात तर बरं. पावसाळ्यात येऊ नका, खडक पाण्याखाली असतो. उन्हाळ्यात, संध्याकाळी पाचनंतर या. भर दुपारी रेघा जवळजवळ दिसत नाहीत, ऊन तिरपं झालं की एकेक उठून येते. येताना बाटलीभर पाणी आणा, खडकावर ओतायला.

आपला,
एक भूगोल शिक्षक
चंद्रपूर जिल्हा