गच्चीवरच्या सांध्यात कोणते सीलंट भरावे

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर

विषय : ए आणि बी विंगमधल्या एक्स्पान्शन जॉइंटचे काम

महोदय,
स. न. वि. वि.

दोन विंगमध्ये स्लॅबला तापून लांबायला ठेवलेल्या फटीत सीलंट, म्हणजे फट बुजवणारा रबरासारखा माल, भरण्याचे हे काम रविवारच्या सभेत मंजुरीला येणार आहे. दोन कोटेशनांपैकी केवळ दर कमी म्हणून पहिले घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सांध्यातली जुन्या सीलंटची पट्टी निघाली ती मी हातात घेऊन पाहिली. मध्ये कुठेच फाटलेली नव्हती. काँक्रीटच्या कडेपासून ती अख्खी सोलून आली होती, आणि इतकी कडक की नख रुतेना. वळवाचे पाणी तिथूनच खालच्या घरांत उतरते.

हे सीलंट सिलिकॉन रबराचे असते. त्याच्या रेणूंच्या लांब साखळीत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकाआड एक असतात. हे बंध सहज वळतात, म्हणून कडाक्याच्या थंडीतही रबर लवचीक राहते. आणि ते कार्बन-कार्बन बंधांपेक्षा बळकट, म्हणून ऊनही सोसते. पण या साखळ्या एकमेकींना फारशा धरून राहत नाहीत. ताकद येते ती साखळ्यांना आपसात बांधणाऱ्या जोडांमुळे आणि आत मिसळलेल्या अतिसूक्ष्म सिलिकामुळे. जोड दाट झाले की माल कडक होतो, कमी ताणतो आणि ताणताना कडेला जोरात ओढतो. आपल्याकडे हेच झाले असावे. जोड विरळ असले की तो थोड्या जोरातच ताणला जातो. त्याला लो मॉड्युलस म्हणतात.

सोलापूरचा पारा उन्हाळ्यात ४३ अंशांवर जातो आणि उघडा स्लॅब त्याहून तापतो. २० मीटरचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिलिमीटर लांबतो. आपला सांधा २५ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ पाव भाग हालचाल.

पहिल्या कोटेशनमधले सीलंट सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडते. गेल्या कामाच्या वेळी जिन्यात तोच व्हिनेगरचा वास होता. काचेला ते चालते. काँक्रीट अल्कधर्मी असल्याने तिथे ॲसिडमुळे पकड कच्ची राहते.

म्हणून न्यूट्रल क्युअर (सुकताना ॲसिड न सोडणारे), लो मॉड्युलस आणि किमान २५ टक्के हालचाल सोसणारे सीलंटच मागवावे, आणि ठेकेदाराकडून त्याची डेटा शीट आधी घ्यावी. सांध्याच्या तळाशी बॅकर रॉड, म्हणजे सीलंट तळाला चिकटू न देणारी फोमची गोल दोरी, हवाच. तळालाही चिकटले तर चांगला मालसुद्धा मोकळा ताणत नाही. कडा घासून पूर्ण कोरड्या केल्याशिवाय भरू देऊ नये. भरताना गच्चीवर उभे राहून पाहायला मी तयार आहे.

कळावे,
आपला,
बी विंगमधील एक सभासद