पिचरचे चेंडू कोण मोजतो?

संपादक महोदय,

शालेय बेसबॉल स्पर्धांचा हंगाम आला की नाशिकच्या मैदानांवर पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, निवडण्याची एकच रीत दिसते. आउटफिल्डमधून, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातून, ज्याची फेक सर्वांत लांब जाते, त्याच्या हाती चेंडू. मग दोन दिवसांच्या स्पर्धेत जवळजवळ सगळे सामने तोच टाकतो आणि कोपराची आतली बाजू दुखू लागली की स्प्रे मारून पुन्हा उभा राहतो. त्या जागी कोपराचा अस्थिबंध असतो. तिथली दुखापत स्प्रेने बरी होत नाही.

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शिकेत १३-१४ वर्षांच्या पिचरसाठी दिवसाला कमाल ९५ चेंडू सांगितले आहेत. आपल्याकडे हा आकडा कुणी सांगितलाच, तर तेवढाच सांगतो. त्यापुढचे विश्रांतीचे कोष्टक अधिक मोलाचे आहे : २० चेंडूंपर्यंत दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही, २१ ते ३५ झाले तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ पासून पुढे चार दिवस विश्रांती. म्हणजे शनिवारी ७० चेंडू टाकलेला मुलगा रविवारच्या अंतिम सामन्यात पिचर असूच शकत नाही. गुणपत्रकात एक रकाना वाढवला तर ही मोजणी गुणलेखकच करू शकतो.

मात्र आकडा गाठेपर्यंत थांबायचे असेही नाही. कोपर खांद्याच्या खाली येऊ लागले, चेंडू एकामागून एक वर जाऊ लागले, की मुलगा थकला. ४० व्या चेंडूलाही त्याला बाहेर काढावे.

क्रिकेटमधून आलेली मुले हात सरळ ठेवून गोल फिरवतात. इथे कोपर वाकलेले हवे आणि पुढचा पाय टेकतो त्या क्षणी ते खांद्याच्या रेषेत, चेंडू वर गेलेला. पाय टेकूनही चेंडू कमरेजवळच असेल तर हात मागे राहिला. मग उरलेली सगळी घाई कोपराला सोसावी लागते. रबरपासून, म्हणजे पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून, फलंदाजाजवळच्या होम प्लेटकडे फक्कीची सरळ रेघ मारा. उजव्या हाताच्या पिचरचा डावा पाय रेघेच्या उजवीकडे, म्हणजे तिसऱ्या बेसकडे पडला, तर त्याला स्वतःच्या अंगाला आडवे जाऊन फेकावे लागते. डावीकडे, म्हणजे पहिल्या बेसकडे पडला तर कंबर आधीच फलंदाजाकडे उघडते आणि पायांतला जोर वाया जातो. आधी वेगवान, सरळ फास्टबॉल, मग त्याच हातवेगाने टाकलेला, पण तळव्यात खोल धरल्याने संथ जाणारा चेंजअप. या दोन्हींवर ताबा येईपर्यंत कर्व्हचा, म्हणजे वळणाऱ्या चेंडूचा, हट्ट नको.

आपली मैदाने सपाट, पिचरने ज्यावरून चेंडू टाकायचा तो नियमातला उंचवटा मात्र १० इंचांचा. सपाटीवर सराव केलेल्याचा पाय उतारावर किंचित उशिरा टेकतो, चेंडू लवकर सुटतो आणि फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या डोक्यावरून जातो. सरावाचा उतार सुतार दिवसभरात करून देईल. १८ मिलिमीटरचा ८ बाय ४ चा प्लाय घ्यावा, लांबीतून १ फुटाचा तुकडा कापावा. हा तुकडा १० इंच उंचीवर सपाट बसवावा : मागचे ६ इंच रबरला, पुढचे ६ इंच मोकळे. उरलेला ७ फुटांचा भाग फुटाला एक इंच या हिशेबाने उतरता. पुढची कड जमिनीपासून ३ इंचांवर येते. खाली दर फुटाला आडवा आधार हवा, नाहीतर पाय पडतो तिथेच प्लाय लवतो. वर कृत्रिम गवत चिकटवावे. असा एक उतार विभागीय क्रीडा संकुलात ठेवला तर अनेक शाळांची सोय होईल.

आणि एक. बाहेर काढलेल्या पिचरला त्याच दिवशी कॅचर म्हणून बसवण्याची चलाखी थांबवावी. कॅचरलाही जवळपास तितक्याच वेळा चेंडू परत फेकावा लागतो.

— एक बेसबॉल प्रशिक्षक, गंगापूर रोड, नाशिक