तुझे नाव कोणत्या कामाशी जोडले जावे?

टिळकवाडी, बेळगाव

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वार्षिक मूल्यमापनात साहेबांनी तुझ्या कामाची स्तुती केली आणि त्याच दमात 'तुमच्या विभागाबाहेर तुम्हाला कोणी ओळखत नाही, जरा पर्सनल ब्रँडकडे लक्ष द्या' असे सुनावले, हे तू फोनवर सांगत होतीस तेव्हा तुझा राग मला कळत होता. स्वतःची टिमकी वाजवणे आपल्या घरात कोणाला जमलेले नाही आणि त्याचा आपण थोडा अभिमानही बाळगतो. तरीही तुझ्या साहेबांचे म्हणणे मला बरेचसे पटले. का पटले, ते फोनवर घाईत सांगण्यापेक्षा लिहिलेले बरे.

'पर्सनल ब्रँड' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो टॉम पीटर्स या व्यवस्थापन-लेखकाने ऑगस्ट १९९७ मध्ये 'फास्ट कंपनी' या अमेरिकी मासिकात लिहिलेल्या लेखामुळे. त्याआधीच्या काही वर्षांत तिथल्या मोठ्या कंपन्यांनी भराभर माणसे कमी केली होती आणि एकाच कंपनीत निवृत्तीपर्यंत राहण्याची खात्री उरली नव्हती. कंपनीच्या नावाचा आणि हुद्द्याचा आधार निघून गेला तरी माणसाची ओळख टिकावी, असा त्या लेखाचा रोख होता. लिंक्डइन हे नोकरी-व्यवसायातल्या ओळखींचे संकेतस्थळ सुरू झाले ते २००३ मध्ये, म्हणजे रोज सकाळी पोस्ट टाकण्याची पद्धत त्यावर नंतर चढलेली आहे. ती तुला आवडत नसेल तर खुशाल सोडून दे. मूळ गोष्ट मात्र सोडू नकोस.

ती का सोडू नये हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाच्या १९७३ च्या निबंधातून चांगले समजते. बोस्टनजवळच्या न्यूटन या गावातील, नुकतीच नोकरी बदललेल्या तांत्रिक आणि व्यवस्थापकीय पेशांतील लोकांकडे त्याने चौकशी केली. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांतले जेमतेम १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला नेहमी भेटत असत, ५५.६ टक्के अधूनमधून, तर २७.८ टक्के क्वचितच भेटत असत. कारण साधे आहे. जवळच्या माणसांना आपल्याबद्दल कितीही माया असली, तरी त्यांना ठाऊक असलेल्या जागा बहुधा आपल्यालाही ठाऊक असतात; वेगळी बातमी येते ती दूरच्या माणसाकडून. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षे चाललेल्या प्रयोगांचा अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला, त्यातही हेच दिसले. फक्त अगदीच नावापुरत्या ओळखीपेक्षा मध्यम दुबळी ओळख अधिक उपयोगी ठरली होती. तेव्हा हजारो अनोळखी लोकांना जोडून घेण्याचा उद्योग करू नकोस.

माझे स्वतःचे असेच झाले. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी डिस्पॅच (माल रवाना करण्याचे काम) सांभाळत असे आणि मालाबरोबर जाणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटवर माझी सही असे. ताणबल, कडकपणा, एस. जी. आयर्न (गोळीदार ग्रॅफाइटचे ओतीव लोखंड) असेल तर ग्रॅफाइटच्या गोळ्यांचे प्रमाण, हे आकडे प्रत्यक्ष मोजून आल्याखेरीज मी सही करत नसे. गाडी दारात उभी असली तरी नाही. पुढे ती फाउंड्री दुसऱ्या मालकाकडे गेली, तेव्हा मला नव्या कामाचा निरोप आला तो पुण्याच्या एका ग्राहक कंपनीतील खरेदी अधिकाऱ्याकडून. आमची समोरासमोर भेट क्वचितच झाली होती. माझ्या स्वभावाबद्दल, घराबद्दल, शिक्षणाबद्दल त्यांना काहीही माहीत नव्हते. 'या बाईंची सही असली की आकडे खरे असतात' एवढेच त्यांना ठाऊक होते आणि तेवढे पुरले.

दूरच्या माणसाच्या डोक्यात तुझ्याविषयी एकच वाक्य राहणार आहे, आणि ते कोणते असावे हे ठरवणे थोडेफार तुझ्या हातात आहे. तू लिंक्डइनवर नावाखाली फक्त हुद्दा लिहिला आहेस. तो हुद्दा बंगळुरूत असंख्य जणांचा असेल. त्या ओळीत २२० अक्षरे मावतात. 'मेहनती, उत्साही, सगळ्यांशी जुळवून घेणारी' अशा विशेषणांनी ती भरू नकोस, कारण ती कोणालाच तपासता येत नाहीत. तू ओतीव भागांचे डिझाइन करतेस आणि भाग साच्यात कसा थिजेल याचा विचार कागदावरच करतेस, हे लिही. हे तुझ्या बरोबरीच्या अनेक डिझाइनरांना येत नाही. तुला येते, कारण तू भट्टीच्या गावात वाढलीस आणि मोल्डरांच्या, म्हणजे साचे करणाऱ्यांच्या, शिव्या ऐकल्यास.

गेल्या दिवाळीत गळणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीची गोष्ट तू बाबांना सांगत होतीस, ती मला आठवते. पातळ भिंतीला जाड बॉस (भोकासाठी ठेवलेला उंचवटा) चिकटवला होता. पातळ भाग आधी थिजला, जाड भाग मागे राहिला, आकसताना त्याला वितळलेले लोखंड कोठूनच मिळाले नाही आणि आत पोकळी राहिली. बाहेरून कास्टिंग (ओतलेला भाग) निर्दोष दिसत होते. ड्रिल त्या पोकळीतून गेले तेव्हा तेलाला वाट मिळाली. मशीनशॉप फाउंड्रीला दोष देत होते, फाउंड्री मशीनशॉपला, आणि चूक ड्रॉइंगमध्ये होती. हीच गोष्ट तू दोन परिच्छेदांत, हाताने काढलेल्या आकृतीसह लिहिलीस तर उद्यमबागेपासून कोल्हापूर, कोइम्बतूर, राजकोटपर्यंतचा माणूस ती वाचेल आणि लिहिणारीचे नाव लक्षात ठेवील. मात्र ग्राहकाचे ड्रॉइंग, भागाचा क्रमांक, खरी मापे यांतले काहीही बाहेर जाता कामा नये. गोपनीयतेच्या करारावर तू सही केली आहेस. लिहिण्यापूर्वी साहेबांची लेखी परवानगी घे. ब्रँडचा सल्ला त्यांनीच दिला आहे, ते नाही म्हणणार नाहीत.

कास्टिंगवर फाउंड्रीची खूण आणि हीट नंबर उठवलेला असतो, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. वर्षभराने दोष निघाला तरी तो भाग कोणाचा, कोणत्या दिवशी ओतलेल्या धातूचा, हे त्यावरून शोधता येते. नाव घालून लिहिणे हेही तसेच जोखमीचे आहे. कोणी चूक दाखवली तर तिथेच, सर्वांसमोर दुरुस्त करावी लागेल. म्हणून महिन्यातून एकदा लिही, पण तपासून लिही.

दुसरी गोष्ट नावाची. तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर कर्नाटकातल्या पद्धतीने आडनावाचे नुसते आद्याक्षर आहे, आधार कार्डावर आपल्या पद्धतीने वडिलांचे नाव मध्ये आणि आडनाव शेवटी आहे, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे. सीमाभागातल्या निम्म्या घरांत हा घोळ असेल. तुझ्या नावाचा शोध घेणाऱ्याला दोन वेगळ्या मुली सापडू नयेत, म्हणून कामापुरते एक रूप ठरव आणि ते सर्वत्र वापर. पुढे लग्न झाल्यावरही व्यवसायात तेच नाव ठेव. मी बदलले होते, त्या वेळी कोणी विचारतही नसे. तू विचार कर.

भाषांच्या रकान्यात तू फक्त इंग्रजी आणि हिंदी भरली आहेस, याचे मला नवल वाटले. तुला मराठी आणि कानडी दोन्ही वाचता, लिहिता, बोलता येतात. पुण्याच्या पुरवठादाराशी मराठीत आणि बंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या मशीनशॉपमधल्या फिटरशी कानडीत बोलून एकाच दिवसात प्रश्न सोडवू शकणारी डिझाइनर किती जणांकडे असेल? बंगळुरूत तुझ्या बेळगावी कानडीला कोणी हसत असेल तर हसू दे.

आणखी एक. प्रकल्पाविषयी बोलताना तू सतत 'आमच्या टीमने केले' म्हणतेस. सौजन्य म्हणून ते ठीक आहे, पण ऐकणाऱ्याला तुझा वाटा कळत नाही. जाडी बदलण्याची सूचना तुझी असेल तर 'मी सुचवले' असे लिही, आणि ज्या मोल्डरने तुला राइझरची (आकसणाऱ्या भागाला धातू पुरवणाऱ्या साठ्याची) जागा दाखवली त्याचा उल्लेखही त्याच वाक्यात कर. पुरुष सहकारी पहिला भाग न लाजता करतात. दुसरा मात्र बहुधा विसरतात.

ऑनलाइन लिहिणे नकोसे वाटले तर दुसरी वाट आहे. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन या संस्थेची शाखा इथे बेळगावात आहे. गणपतीला येशील तेव्हा डिझाइनमुळे उद्भवणाऱ्या दोषांवर तासभर बोलण्याची तयारी दाखवणारे पत्र त्यांना आधीच पाठव. ऐकायला बसतील ते रोज वाळूत हात घालणारे लोक असतील, कच्चे काही सांगितलेस तर लगेच पकडतील.

पहिला लेख लिहिलास की मला आणि बाबांना पाठव. बाबा आकृती तपासतील. मी आकडे पाहीन.

तुझी,
आई