पी०४२० आणि उधार घेतलेला व्हॅक्यूम गेज: म्हापशाच्या मेस्तकाकांचे जाहीर आभार

आदरणीय मेस्तकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही लिहून दिलेला दोन पानी कागद लॅमिनेट करून गॅरेजच्या भिंतीवर, स्कॅनरच्या बरोबर वर लावला आहे. आभार फोनवरही मानता आले असते. पण चेक लाईट लागली, पी०४२० कोड (कॅट, म्हणजे एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नीट काम करत नाही असे सांगणारा) निघाला की लगेच 'कॅट गेला, नवा टाका' असे सांगणारे पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळीकडे आहेत, म्हणून हे उघड पत्र. कॅट महाग असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते. बिघाड मात्र बहुतेक वेळा त्याच्या आधीच, इंजिनात असतो.

तुमच्या कागदाची पहिली ओळ 'कॅटला हात लावू नका, आधी ट्रिम बघा' अशी आहे. सर्वात जास्त आभार या ओळीचे. ट्रिम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर (ईसीयू) ठरल्या मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतो, तो स्कॅनरवरचा आकडा; शॉर्ट टर्म त्या क्षणाचा, लाँग टर्म साठत गेलेला. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिमची बेरीज करायची, ती एकदा आयडलवर (रेस न देता) आणि एकदा २५०० आरपीएमवर. उणे-अधिक ५ टक्क्यांपर्यंत ठीक, १०च्या पुढे गेली तर बिघाड शोधायचाच. आयडलवर अधिक १८ आणि २५००वर अधिक ३ दिसले तर कुठून तरी हवा घुसते आहे: इनटेक गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत खेचणाऱ्या झडपेचा) चिरलेला रबर. तेवढीच हवा आयडलला फार मोठी ठरते आणि रेस दिल्यावर एकूण हवेत हरवून जाते. उलट, लोड वाढेल तसा आकडा चढत गेला तर इंधन पंपाचा दाब तरी कमी, इंधन फिल्टर तरी तुंबलेला, नाहीतर एमएएफची (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची) तार मळलेली. उसगाव-धारबांदोडा पट्ट्यातल्या गाड्यांत हा शेवटचा प्रकार आम्ही आधी तपासतो. तिथली तांबडी धूळ स्वस्त एअर फिल्टरमधून आत जाते, तारेवर बसते आणि सेन्सर हवा कमी मोजतो. एमएएफ क्लीनरचा फवारा मारायचा, पुसायचे नाही.

याच ओळीखाली पेन्सिलीने तुम्ही जे लिहिले, ते पाठ्यपुस्तकात सहसा मिळत नाही: मॅप सेन्सरवर (हवेऐवजी इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत हवेच्या गळतीने ट्रिम फारसा हलत नाही. गळतीची हवा मॅनिफोल्डमध्ये मोजली जाते, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल देतो, आणि खूण दिसते ती चढलेल्या आयडलमध्ये. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्या मॅपवर आहेत. ट्रिम चांगला म्हणजे गळती नाही, ही आमची समजूत तुमच्यामुळे गेली.

ई२०चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) हिशेबही तुमचाच. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई१०ला साधारण १४.१ आणि ई२०ला साधारण १३.५ पट. म्हणजे ई१०वर जुळवलेल्या गाडीत ई२० भरले की लाँग टर्म ट्रिम अधिक ४-५ने वर जाणारच. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या जुन्या गाडीत ८-९ने. ओळखायचे कसे? ही वाढ आयडलला आणि २५००ला जवळपास सारखी दिसते, गळतीसारखी आयडलपुरती नसते. हे माहीत नसलेला माणूस चांगले इंजेक्टर उतरवून धूत बसतो.

लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) कोड आला म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे असे नसते, हे मनात बसायला सर्वात अवघड गेले. एका सिलिंडरमध्ये मिसिंग (पेट्रोल न पेटणे) असेल तर न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, कॅटच्या आधी बसवलेला पुढचा ऑक्सिजन सेन्सर तो पाहून 'लीन' म्हणतो, आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. ते कच्चे पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटते. एरवी ४०० ते ८०० अंशांत काम करणारा कॅट १००० अंशांच्या पुढे गेला की आतला लेप निकामी होऊ लागतो, १४०० अंशांच्या आसपास जाळीच वितळते. चेक लाईट लुकलुकत असेल, म्हणजे मिसिंग चालू असेल, तर गाडी तिथेच उभी करा, हे आम्ही आता टॅक्सीवाल्यांना बिलावर लिहूनच देतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा शिरली तरी सेन्सर असाच फसतो. खाऱ्या हवेने फ्लँज कुजण्याचा प्रकार इथे नेहमीचा. थंड इंजिन चालू करून शेपटाच्या पाईपावर फडका दाबून धरायचा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडायचे, बुडबुडे दिसतात.

एवढे झाल्यावर मग कॅट. इंजिन पूर्ण गरम करून २५००वर ३ मिनिटे धरायचे आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सरची (एक कॅटच्या पुढे, एक मागे) रेघ एकाच पडद्यावर आणायची. पुढची ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचते. मागची ०.६-०.७च्या आसपास संथ राहिली तर कॅट अजून ऑक्सिजन साठवतो आहे. मागची पुढचीच नक्कल करू लागली तर साठवण संपली. नव्या गाड्यांत पुढे वाईडबँड (मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा) सेन्सर असतो, तो असा नाचत नाही. तिथे लॅम्डाचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, १ म्हणजे अगदी बरोबर) आकडा आणि मागची रेघ बघायची. पुढे-मागे तापमान मोजण्याच्या युक्तीवर आम्ही फार विसंबत नाही. इंजिन स्वच्छ जळत असेल तर कॅटला जाळायला काही उरतच नाही, मग फरक थोडाच दिसणार. त्यापेक्षा पीयूसीचे मशीन बरे. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर सीओची (कार्बन मोनॉक्साईडची) मर्यादा ०.३ टक्के, एचसीची (न जळलेल्या पेट्रोलची) २०० पीपीएम. चढ्या आयडलवर सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा १, फार तर ०.०३ इकडे-तिकडे. लॅम्डा १वर असूनही सीओ चढा आला तर बोट कॅटकडेच दाखवावे लागते.

पिकअप नसलेल्या गाडीसाठी तुमचा व्हॅक्यूम गेज, इनटेकमधली हवेची ओढ मोजणारा. आपण समुद्रसपाटीला असल्याने पुस्तकातले आकडे इथे जसेच्या तसे लागू पडतात: आयडलला १८ ते २१ इंच (पाऱ्याचे). २५००वर धरल्यावर काटा क्षणभर पडून परत वर यावा. तो हळूहळू, केसाकेसाने खाली सरकत राहिला तर एक्झॉस्ट तुंबला आहे. खात्रीला पुढचा सेन्सर काढून तिथे दाबाचा गेज लावायचा. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २५००वर ३च्या आत हवा. रबरी हातोडीने कॅटवर टिचकी मारून आत खडखड ऐकू आली तर जाळी सुटली आहे. पावसात तापलेली गाडी साचलेल्या पाण्यात घातली की सिरॅमिकला तडे जाऊ शकतात, म्हणून जून-जुलैनंतर ही हातोडी हाताशी असते.

कॅट खरोखर गेलाच असेल तर कारण आधी काढायचे. तेल पिणारे इंजिन फॉस्फरसने त्याला मारते, हेड गॅस्केटमधून झिरपणारा कूलंटही मारतो. साधा सिलिकॉन सीलंट वापरला तर सेन्सर जातो. कारण तसेच ठेवून बसवलेला नवा कॅट पुन्हा जातो. आणि कॅट काढून मोकळा पाईप टाकणे किंवा मागच्या सेन्सरला फसवायला स्पेसर लावणे, याला तुमच्या कागदावर जागा नाही, आमच्या गॅरेजातही नाही. ते बेकायदा आहे.

गेज बरेच दिवस आमच्याकडे राहिला, त्याबद्दल माफी. नळी तोंडाशी फाटली होती, त्यामुळे काटा दोन इंच कमी दाखवत होता; नवी घातली आहे. चवथीच्या आधी म्हापशाला आणून देतो. देव बरें करूं.

तुमचे,
फोंड्याच्या गॅरेजातले आम्ही तिघे