ब्रशची कमाल की व्हॅनमधल्या सफाईची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत एका ब्रश कंपनीचं फ्री दातांचं शिबिर झालं. ब्रश निळ्या लाईटचा, हातात धरला की मधमाशीसारखा गुणगुणतो, किंमत ३,८०० रुपये आणि बॅनरवर 'हिरड्यांचा आजार महिन्यात बरा'. महिन्याने ते परत आले, ब्रश घेतलेल्यांच्या हिरड्या तपासल्या, रक्त यायचं खरंच कमी झालं होतं, मग काय टाळ्याच टाळ्या.

पण एक गोष्ट कोणीच विचारली नाही. पहिल्याच दिवशी ब्रश घेणाऱ्या प्रत्येकाचं खाली उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये स्केलिंग करून दिलं होतं, म्हणजे वर्षानुवर्षं दाताला चिकटलेला दगडासारखा टार्टर मशीनने काढला, जो कुठलाच ब्रश काढू शकत नाही, आणि वर 'रोज दोनदा, दोन-दोन मिनिटं' असा दम भरला. मग गुण कशाचा आला?

आमच्याकडे मिस्टरांनी ब्रश घेतला. मी चिकटपणा केला, ओळखीच्या डॉक्टरांकडे स्केलिंग करून घेतलं आणि तीस रुपयांच्या साध्या ब्रशने मोबाईलवर टायमर लावून दोन मिनिटं घासायला लागले. तीन आठवड्यांत दोघांचंही बेसिन लाल व्हायचं थांबलं. आता दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण बिल्डिंगमध्ये तेवढी तरी तुलना आमच्याच घरात झाली!

१९६५ मध्ये हॅरल्ड लो या दंतसंशोधकांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि परत सफाई सुरू केल्यावर साधारण आठवड्यात ठीक झाल्या, तेव्हा कुठला आला निळा लाईट. बॅटरीचे ब्रश कुचकामी आहेत असं नाही हां. २०१४ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (म्हणजे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा) साध्या ब्रशच्या तुलनेत तीन महिन्यांनंतर प्लाक, म्हणजे दातांवरचा चिकट थर, २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी दिसली होती. फायदा आहे, पण अकरा टक्के म्हणजे 'आजार बरा' नव्हे, आणि हा आकडाही तुलना केली म्हणून मिळाला. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना नवा ब्रश, अर्ध्यांना साधा, स्केलिंग आणि पेस्ट सगळ्यांना सेम, तपासणाऱ्या डॉक्टरला कोणाकडे कुठला ब्रश ते माहीतच नाही, आणि हे निदान तीन-सहा महिने, असं केलं तर मी पण टाळ्या वाजवीन.

आणि नुसतं रक्त बघूनही भागत नाही. माझे दीर दिवसाला पाकीटभर सिगरेट ओढतात, शिबिरात त्यांना 'तुमच्या हिरड्या एकदम फिट' म्हणाले, कारण रक्तच आलं नाही. सिगरेटमुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं, आजार आतल्या आत वाढत राहतो. आमच्या डॉक्टरांनी बारीक खुणांची सळई दात आणि हिरडीच्या मध्ये घातली तर मागच्या दाढेला ६ मिलिमीटरचा पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोल फट, निघाला, नॉर्मल ३ पर्यंत असतो.

आता हेच शिबिर येत्या रविवारी पाचपाखाडीत आहे असं पॅम्फ्लेट पेपरातून आलंय. तिथल्या लोकांनी पैसे काढायच्या आधी एवढंच विचारावं, की ज्यांनी नुसतं स्केलिंग केलं आणि ब्रश घेतला नाही, त्यांच्या हिरड्या महिन्याने कोणी तपासल्या का?

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)